बांधेल तो बसेल

माझ्या वडिलांचा जबडा वाकडा होता, आणि तो वाकडा करणाऱ्यांपैकी निम्मे लोक माझ्या लग्नात पोटभर जेवून गेले. आमच्या कारखान्यातली माणसं अशीच होती. मारायची तेव्हा जीव खाऊन मारायची, आणि मारून झालं की हात धुऊन त्याच बाकावर चहाला बसायची. इतकी वर्षं लोटली, तरी कुठे तापलेल्या इंजिनाचा वास आला की मला माहेर आठवतं.

कारखाना श्रीमंतांच्या गाड्यांचा होता. वर्षाला बोटांवर मोजण्याइतक्याच बनायच्या, पण एकेक अशी, की उभी असतानाही पळतेय असं वाटावं. उंचीला माझ्या कमरेएवढी. तिच्यात बसायचं नाही, तर ती अंगात घालायची. इंजिन पुढे नाही, मागे, बसणाऱ्यांच्या पाठीला पाठ लावून. इंजिन आणि माणूस यांच्या मधे अॅल्युमिनियमची एक पातळ भिंत आणि त्या भिंतीवर चामडं. ते चामडं मी शिवायची.

इंजिन म्हणजे काय, हे मला वडिलांनी लहानपणी सांगितलं ते असं. "एका माणसाला बंद खोलीत कोंड. त्याच्या डोक्यावर सुरुंग उडव. तो खाली आपटला की मानगूट धरून वर आण आणि पुन्हा उडव. डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात हे दहा वेळा कर. आणि अशी बारा माणसं कोंड. तो माणूस म्हणजे पिस्टन. त्याची मानगूट धरणारा हात म्हणजे रॉड."

"आणि हात सुटला तर?"

"सुटला तर तो माणूस खोली फोडून बाहेर येतो आणि समोर दिसेल त्याला मारतो."

वाकड्या जबड्यातून त्यांचे शब्द शिट्टी वाजवत यायचे, त्यामुळे ते चेष्टा करतायत की खरं सांगतायत, ते कळायचं नाही. पण हे खरं होतं. इंजिनं बाकाला बांधून पळवायची एक खोली होती, तिला आम्ही कोंडवाडा म्हणायचो. आत धुराचे नळ लालबुंद व्हायचे आणि जमीन थरथरायची. तिच्या छतात एक भोक होतं. ते कशाने पडलं, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायची पद्धत होती. त्याखाली उभ्या असलेल्या माणसाचं काय झालं, हे मात्र त्याने विचारलं तरच सांगायचे.

जबड्याची गोष्ट मी तिसरीचौथीत असतानाची. वडिलांनी बांधलेल्या एका इंजिनाने पहिल्याच धावेत भर वेगात जीव सोडला. आतलं सगळं एकमेकांत चिकटून घट्ट झालं, मागची चाकं जागच्या जागी थांबली, आणि गाडी फिरत फिरत पुलाच्या खांबाला जाऊन चिकटली. ड्रायव्हर जागच्या जागी गेला. त्याला दाराच्या फळीवर घालून आणलं, पांढरं कापड घातलं, आणि मग सगळे शांतपणे माझ्या वडिलांकडे वळले. अंगणात ओढून त्यांना मारलं. हातांनी, बुटांनी, शेवटी पान्यांनी. मी जिन्यावरून बघत होते. वडिलांनी एकदाही हात वर केला नाही. माझा भाऊ, आमचा दादा, तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा. तो मधे पडला, त्यालाही पडला प्रसाद.

त्यांना थांबवलं मालकीणबाईंनी. बाई तेव्हा नुकत्याच विधवा झालेल्या, अंगाने काडी, आणि हातात नवऱ्याची शिसवी काठी. ती काठी त्यांनी पुढे चाळीस वर्षं खाली ठेवली नाही. पत्रा नीट बसलाय की नाही हे त्या काठी हाणून बघायच्या, आणि माणूस नीट आहे की नाही, हेही. त्यांनी आल्याआल्या दोघांची डोकी फोडली. मग वडिलांच्या डोक्याशी उभं राहून म्हणाल्या, "ह्याला मारून मेलेला उठून बसणार आहे का? आजपासून एक करायचं. पहिल्या धावेला बांधेल तो बसेल. ड्रायव्हरच्या शेजारी. हात चुकला तर दोघं मिळून जातील, मला दोन खड्डे खणायला सांगा."

तेव्हापासून तो कारखान्याचा नियम झाला. बांधेल तो बसेल. आणि खरं सांगते, त्यानंतर बरीच वर्षं एकही खड्डा खणावा लागला नाही.

पण नुसतं बसून काय करायचं? ते वडिलांनी शोधून काढलं. ते शेजारच्या सीटवर बसायचे, उजवा हात मागे दोन सीटच्या मधून न्यायचे आणि तळहात भिंतीवर टेकवायचे. कान फसतो, ते म्हणायचे, वारा असतो, चाकांचा आवाज असतो. पण हात फसत नाही. इंजिन आजारी पडलं की भिंतीत वेगळा ठोका येतो. आला की डाव्या हाताने ड्रायव्हरच्या मांडीवर थाप मारायची, आणि ड्रायव्हरने काही न विचारता पाय उचलायचा. बोलायला वेळ नसतो. त्या वेगात 'अहो' म्हणेपर्यंत गाडी दोन शेतं ओलांडते.

हा हात त्यांनी दादाला शिकवला. कसा, तर फोडून. दादा डोळे मिटून चालू इंजिनावर हात ठेवायचा, वडील गुपचूप एखादी नळी सैल करायचे, आणि दादाला कळलं नाही की पान्याची पाठ बोटांच्या पेरांवर. दादाचा उजवा हात जेवताना घास धरायचा नाही इतका सुजायचा. मी भरवायची. तो रडायचा नाही, चिडायचाही नाही. म्हणायचा, "तायडे, म्हातारा मला मारत नाहीये. तो त्या पुलाच्या खांबाला मारतोय."

वडील गेले आणि दादा इंजिनांचा मुख्य झाला. त्याच सुमाराला कारखान्यात नवा ड्रायव्हर आला आणि वर्षभरात माझा नवरा झाला. इंजिनवाल्यांच्या घरची मुलगी केली म्हणून सगळा कारखाना त्याला जावईबापू म्हणू लागला. देखणा होता, आणि ते त्याला माहीत होतं. वेगाची त्याला भीती नव्हती. त्याला भीती एकच, कुणी भित्रा म्हणेल याची.

त्याचं आणि दादाचं पहिल्या दिवसापासून फाटलं. दादा म्हणायचा, "जावईबापू गाडी चालवत नाहीत, गाडीचा खून करतात." हा म्हणायचा, "मेव्हण्यांना इंजिन कपाटात ठेवायचं आहे, कापूर घालून." तोवर ठीक होतं. मग एक धाव अशी झाली, की बघायला बाई आणि त्यांची बडी गिऱ्हाइकं उभी, गाडी आजवरचा सगळ्यात मोठा वेग गाठणार, आणि दादाने मांडीवर थाप मारली. नवऱ्याने पाय उचलला. इंजिन उघडलं, तर आत काही नाही. सगळं आरशासारखं. गिऱ्हाइकं हसली. बाईंनी काठी गाडीच्या छतावर हाणली आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी चहाच्या बाकावर कुणीतरी म्हणालं, "जावईबापू, रात्री झोपतानाही मेव्हण्याला विचारूनच पाय लांब करता का?"

नवरा उठला तो म्हणणाऱ्याकडे गेलाच नाही. सरळ दादाकडे गेला आणि त्याच्या नाकावर बुक्की मारली. हाड मोडल्याचा आवाज मला शिवणखोलीत ऐकू आला, सुकी काटकी मोडावी तसा. मी धावत आले तर दादाने त्याला गाडीच्या दारात डोकं घालून धरलेलं आणि वरून तो दार लोटत होता. एकदा, दोनदा. मधे शिरले मी. एकाचा कोपर माझ्या छातीत बसला, कुणाचा ते अजून ठाऊक नाही. दोघंही नाही म्हणाले. लोकांनी सोडवलं तेव्हा नवऱ्याच्या कानशिलातून रक्त येत होतं आणि तो दादाला ओरडून सांगत होता, "यापुढे मार थाप! हात तोडून हातात देईन! पाय उचलणार नाही मी!"

ते सगळ्यांनी ऐकलं. चिडून बोललेली गोष्ट लोक विसरू देत नाहीत, आणि माझा नवरा तर मुळीच विसरला नसता. मला मात्र त्या दिवसापासून झोप लागेना. माझी दोन माणसं एकाच गाडीत बसणार, एकाचा हात भिंतीवर, दुसऱ्याचा पाय खाली, आणि मधलं बोलणं तुटलेलं.

अशात नवी गाडी आली. आजवरची सगळ्यात वेगवान, आणि वर बाईंचा हट्ट, की सगळ्यात शांत. त्या मला म्हणाल्या, "गिऱ्हाईक म्हणतं, तुमच्या गाडीत बायकोशी भांडता येत नाही. काही ऐकूच जात नाही."

"ही तर सोयच झाली की बाई," दादा मागून म्हणाला. काठी त्याच्या नडगीवर बसली.

भिंतीवर आधी रबर, मग लोकरीचा जाड नमदा, पुन्हा रबर, आणि वरून चामडं. उशीसारखी भिंत. मी शिवत बसले असताना दादा आला. त्याने मागे हात नेला, तळहात टेकवला, डोळे मिटले. इंजिनासारखा ठोका भिंतीत यावा म्हणून कोंडवाड्यातून आणलेली एक मोटर त्याने पलीकडून लावली होती. बराच वेळ तसाच बसला. मग हात काढून माझ्यापुढे धरला, जणू त्याचा नाही, सापडलेला आहे.

"आंधळा झाला गं," म्हणाला. "तायडे, एक खिडकी ठेव. माझ्या पंजाएवढी. तिथे काही नको, नुसता पत्रा."

मी ठेवली. वर त्याच चामड्याची झडप शिवली, बटण काढून उघडणारी. पण बाईंच्या नजरेतून टाका सुटत नसे, खिडकी कुठली सुटणार? काठीच्या टोकाने झडप उचलली आणि विचारलं, "हे काय? उंदराचं बीळ?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझा भाऊ मागच्या वेळी घाबरला, आणि माझं हसं झालं. शिव ते. माझ्यासमोर." मी जागची हलले नाही, तर काठी माझ्या मनगटावर आली. दाभण हातातून उडून पायात रुतलं. ते उपसून काढलं आणि त्याच दाभणाने त्यांच्यासमोर ती झडप शिवली.

पण शिवली धावदोऱ्याने. कपडा बेतताना घालतात तो कच्चा टाका. दिसायला सरळ, आणि गाठ मारली नसली की एक टोक ओढताच सगळा सरसर निघून येणारा. त्यावर मेण फिरवलं, पक्क्या शिलाईसारखं चकाकलं. बाई बघून गेल्या. टोक मी सीटच्या फटीत खुपसलं आणि दादाला दाखवून ठेवलं.

नवऱ्याला सांगायचं माझ्या मनात होतं. सकाळी बुटाचे बंद बांधत होता तेव्हा म्हटलंही, "अहो, दादाने थाप मारली तर..."

"त्याचं नाव काढू नकोस," तो म्हणाला. बंद इतका खेचला की तुटला.

धाव दुपारी होती. चाचणीचा रस्ता आधी सरळ आणि मग एका लांब वळणाचा, टेकाडाला वळसा घालून येणारा. वळणाच्या शेवटी मातीचा बांध आणि त्यामागे आम्ही उभे: बाई, मी आणि कारखान्यातले सगळे. गाडी आधी दिसत नाही. आधी आवाज येतो. आत बसणाऱ्याला ती कितीही शांत असो, बाहेर तो आवाज लोखंड जिवंत कापल्यासारखा होता. तो चढत चढत गेला. वळणात शिरला. आणि उतरला नाही.

आत काय झालं ते नवऱ्याने मला पुढे आयुष्यभर सांगितलं, दर वेळी थोडं वेगळं; पण एवढं ठरलेलं. आत दिवाणखान्यासारखं शांत होतं. काटा शेवटाला टेकला होता. वळणात गाडी बाहेर फेकली जाऊ बघत होती, त्याची मान एका बाजूला दाबली गेली होती, गाल ओढले गेले होते. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला दिसलं, की मेव्हणा मागे हात घालून चामडं फाडतोय. झडप लोंबत होती. ह्याला वाटलं, घाबरला, सुटायला बघतोय. मग मांडीवर थाप बसली.

ह्याने पाय आणखी दाबला.

दुसरी थाप बसली, हाड हलेल अशी. नवरा ओरडला, "नाही उचलणार! बस गप!"

तेव्हा दादाने डाव्या हाताने त्याचा गळा धरला आणि उजवा हात भिंतीवरून काढून चावीकडे नेला. ह्याने एका हाताने चाक धरलं आणि दुसऱ्या हाताचा कोपर दादाच्या तोंडावर मारला. मोडून जुळलेलं नाक पुन्हा मोडलं. समोरच्या काचेवर रक्ताचा फवारा उडाला. दादाने गळा सोडला नाही. ह्याने पुन्हा मारला, दात हलले. दादाची बोटं चावीला लागली.

आणि मागे हात सुटला.

रॉड तुटला तो इंजिनाची बाजू फोडून बाहेर आला. त्याचे तुकडे सगळीकडे गेले. बरेचसे माझ्या रबरात आणि नमद्यात अडकले. एक मुठीएवढा तुकडा मात्र नेमका उघड्या पत्र्यातून, त्या खिडकीतून आत आला, दोघांच्या मधून गेला, जाताना माझ्या नवऱ्याचा डावा कान घेऊन गेला आणि काच फोडून बाहेर पडला.

आम्ही बाहेरून पाहिलं ते असं. इंजिनाची किंकाळी मधेच तुटली. गाडीच्या मागून आधी काळं, मग लाल निघालं. तेल मागच्या चाकांवर आलं आणि गाडी उलटी फिरली, शेपूट पुढे करून आमच्यावर आली. माणसं पांगली. मी पांगले नाही. ती बांधावर आदळली, हवेत उठली, तिचं पोट मला दिसलं, आणि ती पाठीवर पडून घसरत, ठिणग्या उडवत माझ्या डाव्या हाताला गेली.

मग एक क्षण काहीच आवाज नाही. नुसती चाकं वर गरगरत होती.

मी धावले. बाई माझ्यापुढे होत्या, त्या वयात, काठी घेऊन. जवळ गेलो तर आतून शिव्या येत होत्या. इतक्या घाण, इतक्या गोड शिव्या मी पुन्हा ऐकल्या नाहीत. मेलेली माणसं शिव्या देत नाहीत.

पाय धरून ओढून काढलं दोघांना. दादाची मान आणि गाल गरम तेलाने भाजून सोलला होता. नवऱ्याच्या खांद्याचं हाड कातडीतून बाहेर डोकावत होतं, अर्धं डोकं रक्ताने माखलेलं. मला वाटलं आता हे दोघं पडून राहतील. नवऱ्याने चांगल्या हाताने माती उचलली आणि दादाच्या भाजलेल्या तोंडावर फेकली. दादा त्याच्या छातीवर बसला आणि बुक्क्या मारू लागला. मागे गाडी धडधडून पेटलेली, उष्णतेने आमचे केस करपतायत, आणि हे दोघं मातीत लोळतायत.

"थाप कळली नाही? मांडी मेली होती?"

"इंजिन तू फोडलंस! चावीला हात तू घातलास!"

बाईंनी काठी दोन्ही हातांत धरली आणि दोघांना धोपटून काढलं, आलटून पालटून, कुणाचं हाड मोडलंय ते न बघता. "मरायचं तर लांब जाऊन मरा! टाकी उडेल आता!" म्हणून ओरडत होत्या. आम्ही त्यांना फरफटत नेलं. टाकी उडाली तेव्हा दादा अजून नवऱ्याची कॉलर धरून होता.

दवाखान्यात दोघांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. तिसऱ्या दिवशी दादा पट्ट्यांच्या आतून म्हणाला, "तायडे, बघ कसा न्याय असतो. ज्या कानाने ऐकायचं नव्हतं तोच गेला."

नवरा छताकडे बघत म्हणाला, "तुझ्या भावाला सांग, मी पाय उचलला असता तर त्याचा हात भिंतीवरच असता, आणि तो तुकडा हातातून गेला असता."

"तू पाय उचलला असतास तर इंजिन फुटलंच नसतं, गाढवा!"

हे भांडण पुढे तीस वर्षं चाललं. दोघंही बरोबर होते.

मला बाईंनी जळक्या सांगाड्यापाशी बोलावलं. भिंतीचा पत्रा काढून उभा केला होता. रबर वितळलं होतं, नमद्याची राख झाली होती, त्यात अडकलेले लोखंडाचे तुकडे तसेच दिसत होते. आणि खिडकीच्या जागी आरपार भोक.

"टाका कच्चा होता," बाई म्हणाल्या.

"हो बाई."

"हात पुढे कर."

मी केला. काठी तळहातावर बसली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग त्या म्हणाल्या, "पुढच्या गाडीला खिडकी ठेवशील तेव्हा काठ पक्का शिव. माझ्या गाडीत उसवलेलं काही मला चालत नाही."

नवरा गळ्यात हात अडकवून पत्रा बघायला आला. भोकाकडे पाहत राहिला. मग चांगल्या हाताचा तळवा त्याने त्या जागी टेकवला. भोक तळव्याच्या मधोमध आलं. तो बराच वेळ हात काढेना. आजवर शेजारी बसलेला माणूस सुटलेल्या हातापुढे आपला हात धरून बसत होता, हे त्याला त्या दिवशी दिसलं.

पण इंजिन का फुटलं, ते कुणालाच कळत नव्हतं. फुटलेलं इंजिन काही सांगत नाही. त्याचं सगळं तोंड फुटलेलं असतं. सांगतं ते वेळेवर थांबवलेलं. म्हणजे तसंच दुसरं इंजिन बांधायचं, त्याच वळणावर त्याच वेगाने न्यायचं, आणि दुखणं सुरू झालं की फुटायच्या आत थांबवायचं. बाई दुसरा ड्रायव्हर आणायला निघाल्या.

दादा म्हणाला, "दुसरा नको. दुसऱ्याची मांडी मला माहीत नाही."

नवरा बाकावर बसला होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याच्या तोंडातून 'उचलीन' असा शब्द निघाला असता तर तो माझा नवरा नव्हता. तो एवढंच म्हणाला, "मेव्हण्यांना सांगा, नखं कापून या."

नवऱ्याचा खांदा जुळल्यावर दुसरी धाव ठरली, तेव्हा मी पुन्हा त्याच जागी उभी राहिले. बाई म्हणाल्या, मागे सर. मी सरले नाही. आवाज चढला. सरळ रस्ता संपला. वळणात शिरला, आणि तसाच, लोखंड जिवंत कापल्यासारखा, वर वर वर. माझ्या तोंडात रक्ताची चव आली. मी स्वतःची जीभ चावत होते. टेकाडाच्या आड काय चाललं होतं ते मला दिसत नव्हतं. फक्त त्या दोघांतलं कोण कुणाचं ऐकतंय, ते आवाजावरून कळणार होतं.

आणि आवाज पडला. एकदम, जिन्यावरून कुणी ढकलल्यासारखा. काही फुटलं नाही, काही जळलं नाही. गाडी टेकाडामागून निमूट घरंगळत आली आणि बांधाजवळ थांबली. आत दोघं सरळ समोर बघत बसले होते.

इंजिन उघडलं. एका रॉडच्या बेअरिंगची कातडी सोलली होती, पण ते शाबूत होतं. त्या लांब वळणात गाडीबरोबर आतलं तेलही बाहेरच्या बाजूला फेकलं जात होतं आणि पंप नुसती हवा ओढत होता. लोखंड लोखंडावर कोरडं घासत होतं. तेलाच्या भांड्यात दादाने आडवे पडदे बसवले, आणि ती गाडी पुढे कधीच वळणात मेली नाही. ज्यांनी तसल्या गाड्या घेतल्या ते त्यांत बसून सुखाने बायकांशी भांडले असतील.

त्या संध्याकाळी नवरा घरी आला आणि खुर्चीत बसून त्याने पायजमा मांडीपर्यंत वर केला. मांडीवर पंजा उमटला होता, निळाकाळा, पाचही बोटं वेगळी दिसावीत असा. कातडी दोन जागी फुटली होती. मी गरम पाण्यात फडकं बुडवलं.

"तुझ्या भावाला जरा हळू मारता येत नाही?" तो कळवळून म्हणाला.

"हळू मारलं असतं तर उचलला असता पाय?"

त्याने उरलेला कान माझ्याकडे केला, जणू ऐकूच आलं नाही. मी पुन्हा विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि फडकं माझ्या हातातून घेऊन स्वतःच दाबून धरलं.